बंध अखंड

खंडेनवमीच्या सकाळी डॉ. इंदुमती शिरगुप्पे यांनी मिरजेतल्या आपल्या दवाखान्यात दात काढायच्या पकडी पाटावर मांडल्या, हळदकुंकू लावून झेंडू वाहिला आणि सवयीने भिंतीकडे पाहिले. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकत होते. एकेक ठिपका म्हणजे गावातल्या कुणाच्या तरी दातावरची कॅप. प्रत्येक कॅपच्या आत मोहरीहून लहान संवेदक होता आणि तो रोज कळवत असे : ‘बंध अखंड’. इतक्या वर्षांत एकही ठिपका लाल झाला नव्हता. बाईंना याचा गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत.

पूर्वी कॅपा पडायच्या. दात आणि कॅप यांना जोडणारे राळेचे सिमेंट लाळेने आणि चहाच्या चटक्यांनी कमकुवत होई, कडेला भेग पडे, आणि भर पंगतीत कॅप जिलबीबरोबर हातात येई. मग ही नवी राळ आली, पडलेली भेग स्वतःच भरून काढणारी. प्रयोगशाळेत पोलादी जबड्याने तिला गरम-गार पाण्यात अहोरात्र चाववले. माणसाचे दोन जन्म उरकतील इतके चाववले. कॅप हलली नाही. शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी प्रश्न एकच विचारला होता : कॅप पडली का? कॅपखालच्या दाताचे काय झाले, हे बघायचे कुणालाच सुचले नाही. जबड्यात बसवलेले दात आधीच उपटलेले, मेलेले होते. ते कशाला कुरकुरतील?

दुंडाप्पा कोरवी सनई घेऊन आत आले. तरुणपणी मोटरसायकलवरून पडून त्यांचे वरचे पुढचे दात तुटले होते. बाईंनी सहा कॅपा बसवून त्यांची सनई वाचवली होती. तेव्हापासून दर खंडेनवमीला ते पूजेच्या हत्यारांपुढे सनई वाजवत. मग बाई आरशाच्या दांडीने एकेक कॅप वाजवून बघत आणि ‘पुढच्या वर्षी या’ म्हणत पेढा देत. तपासणी ती एवढीच. भिंत हिरवी असताना क्ष-किरण फोटो कशाला काढायचा?

आज दुंडाप्पांनी सूर लावला आणि मध्येच सनई खाली घेतली.

“सूर फुटतोय, बाई. फुंक मारली की आतनं कायतरी हालतंय.”

“काहीतरीच काय! भिंतीवर बघा की, सगळं हिरवं आहे.”

बाईंनी कॅप वाजवली. ठण्ण. मग बोटाने दाबली, तेव्हा कॅपसकट हिरडी हलली.

त्यांनी घाईने क्ष-किरण फोटो काढला. कॅपच्या आतले त्यात दिसत नसेच, पण खाली मुळांच्या जागी फक्त सावल्या उरल्या होत्या. भेगा बुजवायला राळ कॅल्शियम आणत होती ते लाळेतून, असे सगळे समजत होते. ती आणत होती दातातून. दाताला धरून ठेवण्यासाठी तिने दातच खाल्ला होता आणि आता ती जबड्याच्या हाडाला लागली होती. बडा घर पोकळ वासा!

बाईंनी राळ बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

“कॅप पडली का, मॅडम?” पलीकडचा नम्रपणे म्हणाला.

“नाही. पण दात...”

“मग तक्रार नोंदवता येत नाही. हमी कॅपची आहे.”

बाईंनी फोन ठेवला. संताप निम्मा कंपनीवर होता आणि निम्मा स्वतःवरच.

“दुंडाप्पा, सहाही दात काढावे लागतील. राळ सोडत नाही, कॅपबरोबर मुळांचं उरलंसुरलंही येईल. आत्ता काढले तर जबडा वाचेल.”

“आन सनई?”

“नवे दात रोवण्याइतकं हाड उरलेलं नाही. कवळी देते.”

“कवळी लावून सनई!” दुंडाप्पा हसले. ते हसणे ऐकवेना. “न्हाई काढलं तर?”

“वर्षभर वाजवाल. फार तर दोन. मग हाड मोडेल.”

दुंडाप्पांनी सनई कापडात गुंडाळली. ती पाटावर पकडींशेजारी ठेवली आणि खुर्चीत बसायचे सोडून ते उभेच राहिले.

“बसवताना म्हणाला हुतासा, माझ्याबी दाढंला हीच कॅप हाय, भ्यायचं न्हाई. हाय न्हवं अजून?”

“आहे.”

“मग हत्यारं पुजलेलीच हाइत. आदी तुमची काढा, बाई. मग मी बसतो खुर्चीत.”

बाईंची जीभ नकळत त्या दाढेकडे गेली. दाढ हलत नव्हती, दुखत नव्हती. कालच तिने दाणे फोडले होते. भिंतीवर तिचाही ठिपका होता, बाकीच्यांसारखाच हिरवा. त्या सगळ्यांना आज ना उद्या बोलवावे लागणार होते. न दुखणारी दाढ उपटून घ्यायला त्यांतले कोण कबूल होणार होते? आणि सगळ्यांत आधी, त्या स्वतः तरी होणार होत्या का?