बलाकडचा स्क्रू

मशीनने जेमतेम ओढलं, तोच नवा स्क्रू मेंढीच्या मणक्यातून सुळकन बाहेर आला. कालपर्यंतच्या चाचण्यांत हाच नवा प्रकार जुन्या प्रकारच्या स्क्रूला सहज हरवत होता.

डॉ. हयग्रीवांनी प्रयोगशाळेतून म्हैसूरच्याच मंडी मोहल्ल्यात फोन लावला. निवृत्त इन्स्पेक्टर फत्तेसिंगराव चहा तसाच टाकून धावले. धावणारच! त्यांच्या नर्मदाअक्काच्या पाठीत यातल्याच एका प्रकारचा स्क्रू बसायचा होता. कुठला, ते या चाचण्यांवर ठरणार होतं.

त्यांनी भिंग धरलं. स्क्रूच्या खाचेत ताजे ओरखडे. कुणीतरी तो उलटा फिरवून सैल केला होता आणि साळसूदपणे पुन्हा बसवला होता.

"प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे, या सहायक वरलक्ष्मीकडे, आणि नव्या स्क्रूच्या कंपनीच्या या दत्तोजीरावांकडे," डॉक्टर म्हणाले. "ते साताऱ्याहून नुकतेच आलेत."

दत्तोजीराव उसळले. "आमचाच माल आम्ही कशाला पाडू? या बाईंना विचारा!"

उत्तर बिनतोड होतं. फत्तेसिंगरावांना बिनतोड उत्तरांचा भारी संशय.

ट्रेमधले आधीच्या चाचण्यांचे जुने स्क्रू त्यांनी भिंगाखाली धरले. मग ते वरलक्ष्मीकडे वळले.

"दोन्ही दिसायला सारखे. मणक्याच्या कुठल्या बाजूला कुठला, कसं कळायचं?"

"काल डॉक्टर सगळ्यांना सांगितले की," वरलक्ष्मी रडवेली झाली होती. "जुना बलाकडं, नवा दुसरीकडं. अष्टे, एवढंच." तिचा उजवा हात हलला.

"आणि मशीनचा चिमटा?"

"डावीकडं आणून ठेवलेला."

फत्तेसिंगराव भोळा चेहरा करून दत्तोजीरावांकडे वळले. "हे बल म्हणजे काय हो?"

"बल म्हणजे जोर. चिमटा ओढणार ती बाजू."

"सापडलात! आमच्या म्हैसूरच्या मराठीत बल म्हणजे उजवीकडं. कन्नड आहे ते! आजवर डॉक्टर तुमच्यासाठी लेफ्ट-राइट म्हणत. काल तोंडात घरची भाषा आली. या ट्रेमधल्या प्रत्येक जुन्या स्क्रूवर हेच ओरखडे आहेत. रोज जुना सैल करायचात, म्हणून तुमचा जिंकायचा. काल चिमट्याकडचा तो जुना समजलात, आणि स्वतःचाच सैल केलात."

दत्तोजीरावांनी खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. हयग्रीवांनी सगळे निकाल तिथल्या तिथे रद्द केले.

फत्तेसिंगरावांनी बहिणीला फोन लावला. "अक्का, ऑपरेशन पुढं गेलं."

"का रे? काय झालं?"

"एका माणसाला बल कळलं नाही. म्हणून तुझ्या पाठीवरची बला टळली गं," ते म्हणाले.