मैनीचं शून्य

वेदनांक दोन आला. कपाट उघडलं नाही.

चौदा वर्षांची मैनी नरोटे गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडली होती. चादरीचं टोक तिनं दातात धरलं होतं. पण तिच्या कपाळावरच्या पट्टीला विचाराल, तर पोरीला जेमतेम मुंगी चावली होती!

"मशीन बिघडली असंल, मॅडम," तिची आई जैवंती म्हणाली. "कालपासून पाय धरून तडफडून राहिली पोरगी."

"बिघडलेली नाही हो ताई," डॉ. प्रणोती गेडाम म्हणाल्या. त्यांनी तीन वेळा तपासून पाहिली होती.

त्या काळात दुखणं सांगायचं नसे, मोजायचं असे. पट्टी मेंदूतल्या वेदनेच्या लहरी वाचून शून्य ते दहा असा आकडा द्यायची. त्याला वेदनांक म्हणत. तो सहाच्या वर गेला, तरच जालीम वेदनाशामकाचं कपाट आपोआप उघडायचं. डॉक्टरांना ते उघडता येत नसे. शोध वाईट नव्हता. पूर्वी सिकलसेलची पोरं विव्हळत आली की 'नाटकं करतात, इंजेक्शनची चटक लागलीय' म्हणून हाकलून देत. आता यंत्र भेदभाव करणार नाही, असा मोठा गाजावाजा झाला. न्याय म्हणे!

या आजारात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी थंडीनं, तापानं किंवा अंगातलं पाणी कमी झाल्यानं विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढं रक्त पोचत नाही, आणि ते ज्या हाडाला मिळत नाही, ते हाड आतून ठणकतं. मैनीचं हे तान्हेपणापासून चाललं होतं.

"मग दोनच काहून दाखवते?" जैवंतीनं विचारलं.

"प्रत्येकाच्या लहरी वेगळ्या असतात. म्हणून काही दुखत नसताना एकदा मोजून ठेवतात. ती शून्यरेषा. दुकानदार आधी रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणतो ना, तसं. मैनी, तुझी शून्यरेषा कुठं घेतली होती?"

मैनीनं दातातली चादर सोडली. "आश्रमशाळेत. शिबिर होतं."

"तेव्हा दुखत नव्हतं?"

"पाय दुखत होते. थंड्या पाण्यानं आंघोळ झालती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सरांनी शिकवून ठेवलं होतं. साहेब आले की सगळ्यांनी एकदम म्हणायचं, काही त्रास नाही साहेब. दुखते म्हटलं की घरी पाठवतात. मग शाळा बुडते."

म्हणजे भांडं रिकामं नव्हतंच. तपासणीला आलेल्या साहेबापुढं सगळं कसं छान आहे हे घोकून म्हणायचं, ही आपल्या शाळांची जुनी खोड; आणि साहेबानं ते ऐकून पोरीच्या ठणकत्या पायांवर शून्याचा शिक्का मारला. एकालाही खाली वाकून तिच्या तोंडाकडं बघावंसं वाटलं नाही!

गेडामबाईंनी वेदनांकाच्या मुख्यालयातल्या शास्त्रज्ञाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "शून्यरेषा पुन्हा घेता येईल. रुग्ण वेदनामुक्त असला की घ्या."

"औषधाशिवाय ती वेदनामुक्त कशी होणार?"

"औषधासाठी वेदनांक सहाच्या वर हवा, मॅडम."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" गेडामबाई ओरडल्या आणि त्यांनी फोन आपटला.

बाळंतिणीच्या ऑपरेशनला कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन त्या कपाटात नसे. नियम मोडून त्यांनी तेच मैनीच्या पाठीत दिलं.

हळूहळू मैनीच्या मुठी सुटल्या. पट्टीवर आकडा उतरत गेला आणि शून्याच्याही खाली, उणे पाचवर थांबला. मैनी घाबरली.

"माझे पाय कुठं गेले?"

"आहेत गं. दुखत नाहीयेत, एवढंच."

ती बराच वेळ पायांकडं बघत राहिली. "तुमाले असंच राहते? रोज?"

"हो."

"आईले पण?"

जैवंतीनं मान डोलावली. तिला रडू आवरेना.

गेडामबाईंनी तिथंच नवी शून्यरेषा घेतली. संध्याकाळी इंजेक्शन ओसरलं, वेदनांक सात झाला, कपाट उघडलं. दुखण्याचा झटका चार दिवसांत उतरला. घरी जायच्या सकाळी पोरगी पूर्वी असायची तशीच होती, शाळेत जायची, पाणी भरायची तशी. शेवटचं म्हणून बाईंनी पट्टी लावली. वेदनांक पाच.

जुन्या मोजणीत हेच शून्य होतं. पण पाच म्हणजे सहाच्या खाली. कपाट बंद.

मैनी खाटेच्या कडेला बसून गुडघे दाबत होती. एरवी एवढ्यावर ती हूं की चूं करत नसे. आज तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मैनी, मी वर लिहिते," गेडामबाई म्हणाल्या. "भांडते त्यांच्याशी. तोवर थोडं—"

"मले वाटे सगळ्यांचंच दुखते," मैनी संतापून म्हणाली. "मग तुमी मले दाखवलं काहून?"