न्या देल्मिराचा हात थरथरत नाही

"दिपुतादोवर विषप्रयोग झालाय! लवकर या, अजून श्वास चालू आहे!"

एवढं बोलून पलीकडून फोन आपटला गेला.

दिपुतादो म्हणजे खासदार. इताउग्वा गावच्या पोलीस ठाण्यात एकच पळापळ झाली. ठाण्याचे प्रमुख, कमिसारिओ, त्यांनी दुपारच्या झोपेतून उठून उलटी टोपी चढवली, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल अशी गाडी गाठली आणि सायरन लावला. वाटेत त्यांनी राजधानीलाही कळवून टाकलं.

पत्त्यावर एक वाळकी म्हातारी दारात उभी होती. कडेवर भलामोठा पिवळा बोका.

"खासदार कुठायत?" कमिसारिओंनी धापा टाकत विचारलं.

"हा काय," म्हातारी म्हणाली.

दिवसभर झोपतो, दुसऱ्याच्या ताटातलं खातो आणि हाक मारली तर ढुंकून बघत नाही, म्हणून बोक्याचं हे नाव ठेवलेलं. कमिसारिओंचा चेहरा बघण्यासारखा झाला. राजधानीला काय सांगायचं ते जुळवत ते गाडीकडे वळले. जाता जाता हाताखालच्या निमिया बारेइरोला म्हणाले, "तू थांब. तक्रार घे. आणि हा विषय ठाण्यात निघाला तर तुझी बदली."

निमियाला मांजरांची ॲलर्जी होती. तिनं वही काढली आणि शिंकली.

"विषप्रयोग कशावरून म्हणता, न्या देल्मिरा?" इथं बाईमाणसाला मानानं 'न्या' म्हणतात आणि पुरुषाला 'काराई'.

"ह्याला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ मी इन्सुलिन टोचते. मस्त सुधारला होता गं. भिंतीवर उड्या मारायचा. आणि आता बघ! पुन्हा बादलीभर पाणी पितो, मागचे पाय फरपटतात. औषध तेच, हात तोच. मग बिघडलं काय? कुणीतरी काहीतरी केलंय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, उद्याच्या तपासणीत साखर अशीच निघाली तर त्याला कायमचं झोपवू या." म्हातारीनं बोक्याला घट्ट धरलं. "सगळी गल्ली म्हणते, देल्मिराचा हात थरथरतो, सुई कातडीत जातच नाही, औषध केसांवर सांडतं. माझा हात थरथरतो? माझा?"

भिंतीभर तिनं विणलेल्या जाळीदार लेसच्या चकत्या टांगलेल्या होत्या, कोळ्यानंही लाजावं इतक्या बारीक. तिनं चष्मा न लावता सुईत दोरा ओवला आणि निमियाच्या नाकासमोर धरला.

"हे लिही तक्रारीत."

निमियानं लिहिलं.

"आता बाटली दाखवा."

न्या देल्मिरानं फ्रिजच्या दारातून छोटी बाटली काढली आणि दोन्ही तळव्यांत हलकेच लाटण्यासारखी फिरवली. "हलवायची नाही, घुसळायची नाही, अशी फिरवायची. मग दुधासारखं दिसतं."

निमियानं बाटली उजेडात धरली. बाटली भरलेली होती. पण आतलं औषध दुधासारखं नव्हतं. तांदूळ धुतल्यावर उरतं तसल्या पाण्यासारखं होतं.

"हे आधीपासून असंच होतं?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "नाही गं. जरा जरा पातळ होत गेलं असेल, रोज बघणारीला कळलंच नाही," असं पुटपुटत तिनं बाटली परत फ्रिजच्या दारात ठेवली.

"फ्रिजला हात कोण कोण लावतं?"

"विचारतेस काय! अख्खं अंगण."

अंगणात आंब्याखाली रोजची तेरेरेची, म्हणजे कडू पानांवर बर्फाचं पाणी ओतून प्यायच्या पेयाची, बैठक बसलेली होती. एकच शिंगाचा पेला, एकच नळी, एकच थंड पाण्याचा जग. पेला फिरत राहतो आणि जीभही. मागे वीज उसळली तेव्हा गल्लीतले बाकीचे फ्रिज लुळे पडले होते. बर्फ जमायचा तो एकट्या न्या देल्मिराकडे. त्यामुळे ज्याला वाटेल तो उठायचा, स्वयंपाकघरात जायचा आणि बर्फ घेऊन यायचा. तेरेरे पिणाऱ्याला बर्फ नाही म्हणायचं, इतकं वाईट वळण इताउग्वात कुणाला नव्हतं.

पहिला नंबर शेजारच्या न्या सिन्फोरियानाचा. तिच्या कोंबडीची पिल्लं बोक्यानं मटकावली होती.

"तुमचं ह्या बोक्याशी वैर आहे?"

"आहे! लपवायचं काय त्यात? सैतान आहे तो."

"मग तुमच्या मागच्या दारात ती मधाची बशी दिसतेय, ती कुणासाठी?"

"पोम्बेरोसाठी, आणखी कुणासाठी? तो भुतोबा रुसला तर कोंबड्या अंडी देत नाहीत. विडी ठेवते, दारू ठेवते, मध ठेवते. बोका चाटत असेल तर तो त्याचा दोष!"

निमियानं मधाची बशी बोक्यासमोर धरली. बोक्यानं वास घेतला, तोंड फिरवलं आणि बशीवर मागच्या पायानं माती लोटायचा अभिनय केला.

"मांजराला गोड चव कळतच नाही," न्या देल्मिरा म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. भुताला कळत असेल."

दुसरे काराई एलादियो. जन्मभर फुटबॉल सामन्यांत पंच, आता निवृत्त. शिट्टी मात्र अजून गळ्यात.

"बोक्याबद्दल तुमचं मत?"

"सामना संपलाय. शिट्टी वाजवायला हवी." आणि त्यांनी खरंच वाजवली. "ह्या बाईचा हट्ट आहे नुसता. जनावराचे हाल."

"तुमच्या आईशीही असंच बोलायचात का हो?" न्या देल्मिरा आतून ओरडली.

"पिवळं कार्ड!" काराई एलादियो ओरडले.

तिसरे काराई फुल्खेन्सियो. औषधी पाला विकणारे. त्यांची मोटारगाडी भोंगा लावून गावोगाव फिरायची: "सुई फेका, पाला प्या! मी स्वतः बरा झालो!" गाडीच्या चारही बाजूंना त्यांचंच हसरं तोंड रंगवलेलं. आता भोंगा बंद होता, पण माणूस चालू होता.

"तुम्हाला मधुमेह होता म्हणे?"

"होता! भूतकाळ, पोरी, भूतकाळ!" त्यांनी पेरूच्या वडीचा मोठा तुकडा सगळ्यांना दाखवत तोंडात टाकला. "बघा. मधुमेहवाला खाईल का असं?"

"ह्या बोक्याचं काय करावं म्हणता?"

"मारायचा? छे छे! मुका जीव! न्या देल्मिरा, माझं ऐका, औषध अजिबात बंद करू नका. एक बाटली संपली की दुसरी आणा."

"मग त्याला तुमचा पाला का देत नाही?"

"मांसाहारी प्राणी तो. पाला कसा खाईल?" काराई फुल्खेन्सियोंनी फिरणारा पेला चुकवून जगच तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायले. जगात बर्फ खळखळला. "काय उन्हाळा आहे! थांबा, बर्फ घेऊन येतो." ते आत गेले, बर्फ घेऊन आले, जगात ओतला आणि लगेच परसाकडे गेले. बैठकीत हसू पिकलं. हल्ली त्यांच्या ह्या फेऱ्या फार वाढल्या होत्या.

"बोका आणि हा, दोघं सारखेच पितात," न्या सिन्फोरियाना म्हणाली. "एकाच दिवशी तहान लागली दोघांना."

निमियाकडे पेला आला. तिनं नळी ओढली. काही येईना. जोर लावला. काही येईना. मग एकदम सुटलं, जिभेवर काहीतरी कडक आलं आणि तिला ठसका लागला. काराई एलादियोंनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तिनं जग उपडा केला. वितळत्या बर्फातून एक नारिंगी टोपण घरंगळलं. तिच्या जिभेवर आलं होतं ते त्याचंच तुटलेलं टोक.

सुईचं टोपण.

"हे तुमचं?" तिनं न्या देल्मिराला विचारलं.

"माझी टोपणं सुईसकट दुधाच्या रिकाम्या डब्यात जातात. लेस विणणारी बाई सुई कधी वाटेत टाकत नाही."

निमियानं टोपण खिशात ठेवलं. मग न्या देल्मिराच्या कानात काहीतरी सांगून बाटली घेऊन ठाण्यावर गेली, आणि ती ठाण्यातल्या फ्रिजमध्ये कमिसारिओंच्या सॉसेजवर ठेवली. खाली लिहिलं: 'पुरावा. खाऊ नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांकडे निघायच्या आधी, बैठक पुन्हा भरली. आज निमिया फ्रिजला पाठ लावून स्टुलावर बसली होती.

"बर्फ मी देईन," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

काराई फुल्खेन्सियोंनी तीनदा मागितला. तीनदा तिनं दिला. जग भरून वाहू लागला तरी ते उठून उभेच. ओठ कोरडे, डोळे खोल. तरीही वडी तोंडात कोंबतच होते. इतक्या लोकांसमोर थांबायचं कसं?

"आता ऐका," निमिया म्हणाली आणि शिंकली. "बोक्याच्या बाटलीतलं औषध कुणीतरी काढतंय आणि तेवढंच पाणी भरतंय. म्हणून बाटली भरलेली दिसते आणि बोका सुकत जातो. सुरुवातीला मलाही वाटलं, ज्याला बोका मेलेला हवा त्याचं काम."

सगळ्यांनी न्या सिन्फोरियानाकडे पाहिलं.

"पण तो बाटली फोडेल, फेकेल. भरून कशाला ठेवेल? ह्या चोराला बाटली घरात यायला हवी होती, रोज, पुढेही. म्हणजे त्याला बोका जिवंत हवा होता. तुमच्यात बोक्याची बाजू घेणारा एकच माणूस आहे. जो गावाला सुई फेकायला सांगतो आणि न्या देल्मिराला मात्र दुसरी बाटली आणा म्हणतो."

काराई फुल्खेन्सियो हसले. "दया केली तर गुन्हा?"

"काल जगात बर्फ वाजत होता, तरी तुम्ही बर्फ आणायला गेलात. गडबडीत सुईचं टोपण ओंजळीतल्या बर्फाबरोबर जगात गेलं. मी जवळजवळ गिळलं. आणि तुमची तहान बोक्याच्याच दिवशी का लागली? कारण दोघंही एकाच बाटलीतून घेता. तुम्ही रोज पाणी घालत गेलात आणि रोज तेच पाणी स्वतःला टोचत गेलात. स्वतःच्याच चोरीत तुम्ही भेसळ केलीत, काराई!"

"खोटं! मी बरा झालोय! चारही बाजूंना लिहिलंय!"

"मग मोजू या," न्या देल्मिरा म्हणाली आणि बोक्याची साखर मोजायचं यंत्र घेऊन पुढे आली.

"बोट देणार नाही!"

"बोट मागितलंय कुणी? मला कानाचीच सवय आहे."

तिनं त्यांचा कान धरला, मांजराचा धरतात तसा, आणि टच्च! माणूस ओरडायच्या आत थेंब पट्टीवर. यंत्रानं आकडा दिलाच नाही. साखर मोजण्यापलीकडे गेली, एवढीच खूण दाखवली.

काराई एलादियोंनी खिशातून लाल कार्ड काढलं. ते अजून खिशात ठेवतात, हे कुणालाच माहीत नव्हतं.

काराई फुल्खेन्सियो मटकन बसले. "आधी लांबच्या गावाहून आणत होतो. मग तोंड गाडीवर रंगवलं. आता जाईन त्या दवाखान्यात लोक म्हणतात, हे बघा, पालावाले आले! कुठं जाऊ? इथं बाटली समोर होती..."

"माझा बोका मरत होता," न्या देल्मिरा म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "आणि तुम्ही इथं बसून, माझ्याच बर्फाचं पाणी पीत, माझा हात थरथरतो हे ऐकत होतात. मान डोलवत होतात."

तशा माना सगळ्यांनीच डोलावल्या होत्या.

तिनं पिशवीतून नवी बाटली काढली. निमियानं सांगितल्याप्रमाणे ती औषधाच्या दुकानातून सकाळीच आणलेली होती. तळव्यांत फिरवली. दुधासारखी. मग सगळ्या अंगणासमोर बोक्याची मानेजवळची कातडी चिमटीत उचलली. सुई गेली, सुई आली. खासदारांना पत्ताच नाही. ते काराई एलादियोंच्या ताटातली चीजची भाकरी, चिपा, हुंगत होते.

"पाहिलंत? कुणाला पुन्हा बघायचंय?"

कुणालाच नको होतं.

"उठा," ती फुल्खेन्सियोंना म्हणाली. "आधी तुमचा दवाखाना, मग ह्याचा. गाडी तुमचीच. भोंगा लावा."

"भोंगा नको, न्या देल्मिरा..."

"भोंग्याशिवाय मी बसणार नाही."

त्या सकाळी इताउग्वानं जे ऐकलं ते अजून लोक नकला करून सांगतात. पालावाल्याची गाडी बाजारातून जात होती, पुढे घामेघूम काराई फुल्खेन्सियो, शेजारी मांडीवर बोका घेऊन न्या देल्मिरा, आणि माईक तिच्या हातात.

"पाला प्या, हवा तेवढा प्या! पण सुई फेकू नका! ज्यानं फेका म्हणून सांगितलं, तो माझ्या मांजराची सुई चोरत होता! आणि चर्चसमोरच्या बायांनो, तुम्हीही ऐका: माझा हात थरथरत नाही!"

डॉक्टरांनी बाटलीची हकिगत ऐकली, नव्या बाटलीवर बोक्याची मुदत वाढवली. पुढच्या तपासणीत साखर उतरली. फुल्खेन्सियोंवरचा गुन्हा कमिसारिओंनी कागदावर काही आणला नाही, कारण फिर्यादीच्या रकान्यात खासदार लिहावं लागलं असतं. त्याऐवजी रोज सकाळी फुल्खेन्सियो स्वतःची बाटली घेऊन न्या देल्मिराकडे येतात. ती बोक्याला आधी टोचते, मग त्यांना. बोका ओरडत नाही.

महिन्याभरानं ठाण्यातला फोन वाजला. न्या सिन्फोरियाना किंचाळत होती, "खासदार भिंतीवरून उडी मारून आला आणि माझी पिल्लं चोरून खाऊन गेला!"

कमिसारिओंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "यात नवीन काय?"