पाचव्या मजल्याची टोपली

"किल्ला झाला, चर्च झालं, समुद्र बघून झाला! आता कुणी मला आणखी एक पुतळा दाखवला तर मी तो पुतळाच खाईन!"

जेरार्दोमामानं पिझ्झेरियाच्या दारात असं जाहीर केलं, यादीत नाव घातलं आणि तो भिंतीच्या सावलीला जाऊन उभा राहिला. सकाळी कांपोबास्सोहून नापोलीत उतरल्यापासून तो याच पिझ्झाबद्दल बोलत होता. मध्ये तळलेले मासे आणि लिंबाचं सरबत येऊन गेलं होतं, पण त्याच्या हिशेबी ते जेवण नव्हतंच.

"बाबा, अजून किती वेळ?" त्याचा मुलगा सावेरिओ कुरकुरला.

"पुढे निम्मं शहर उभं आहे! गल्ली सोडून जाऊ नका. नाव पुकारलं की धावत या. टेबल गेलं तर मी तुझा बाप नाही आणि या दोघांचा मामा नाही!"

हे दोघे म्हणजे बारा वर्षांची ओर्नेल्ला आणि तिचा धाकटा भाऊ तुल्लिओ. ओर्नेल्लाचं मामाकडे लक्षच नव्हतं. ती वर बघत होती. समोरच्या बेकरीच्या डोक्यावर वरच्या गॅलरीतून दोरीनं सोडलेली एक टोपली अर्ध्यातच लटकत होती. टोपलीत पाव होता आणि पावावर दोन कबुतरं जेवायला बसली होती.

"मामा, किल्ल्यावर जातानाही ही टोपली इथंच होती! पाव मागवायचा आणि वर ओढायचाच नाही, असं कोण करतं?"

"दुसऱ्याच्या टोपलीत नाक खुपसू नये," मामा म्हणाला.

पण बेकरीवाल्या राफेलेनं ते ऐकलं होतं. पिठानं माखलेले हात कमरेवर ठेवून तो दारात आला. "मुद्दाम लटकवलीय, पोरी! पाचव्या मजल्यावरच्या दोन्ना ब्रिजिदानं! माझ्या स्फोल्यातेल्ला पेस्ट्रीत शिळं रिकोटा चीज असतं, असं तिनं ईस्टरला साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद!"

"मग पाव कशाला देता?"

"वा! भांडण भांडणाच्या जागी, पाव पावाच्या जागी! रोज टोपली येते, मी पाव टाकतो, ती ओढून घेते. आज मात्र कबुतरांना चारतेय! माझा पाव! सगळ्यांदेखत!" आणि तो तणतणत आत निघून गेला.

तेवढ्यात दोरी हलली. दोन बारीक हिसके बसले आणि मग काहीच नाही.

"वारा असेल," सावेरिओ म्हणाला.

"ऑगस्टात? इथं एक पान तरी हलतंय का? चल वर!" ओर्नेल्ला म्हणाली.

जिना अंधारा आणि उंच होता. प्रत्येक मजल्यावर दारं बंद होती, कारण सारी बिऱ्हाडं सुट्टीसाठी समुद्रावर गेली होती. पाचव्या मजल्यावरचं दार मात्र खुर्ची लावून उघडं ठेवलेलं होतं. आतून कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला. सावेरिओ आणि ओर्नेल्ला तडक आत धावले.

तुल्लिओ मागून आला. दुसऱ्याच्या घराचं दार उघडं टाकू नये, असं त्याच्या आईनं त्याला हजारदा बजावलं होतं. त्यानं खुर्ची नीट उचलून बाजूला ठेवली आणि दार लावलं. धाड!

गॅलरीत तुळशीसारख्या वासाच्या बेझिलच्या कुंड्यांमध्ये एक म्हातारी बाई पडली होती. तिचा एक पाय अंगाखाली दुमडला होता. हाताला टोपलीची दोरी गुंडाळलेली होती आणि दोरीचा पीळ कठड्यात अडकला होता. सकाळपासूनचं ऊन तिच्या अंगावर होतं. ओरडून ओरडून तिचा आवाज पार बसला होता.

"दार..." ती पुटपुटली. "खुर्ची काढू नका."

दोघांनी वळून तुल्लिओकडे पाहिलं.

"मी नीट बाजूला ठेवली," तुल्लिओ म्हणाला.

सावेरिओ दाराकडे धावला. दाराला आतून मूठच नव्हती! मुठीच्या जागी नुसतं भोक होतं. त्यानं बोट घातलं, चमचा घातला, लाथ घातली. दार ढिम्म हललं नाही.

"मूठ निखळली," दोन्ना ब्रिजिदा कुजबुजली. "बाहेरून किल्लीनं उघडतं. आतून नाही. कुलूपवाला सप्टेंबरात येणार."

"फोन कर!" ओर्नेल्ला सावेरिओला म्हणाली.

सावेरिओनं मान खाली घातली. "बॅटरी संपली."

"किल्ल्यावर सीगलचे फोटो काढ आणखी!"

"मला काय माहीत आपण कोंडले जाणार! आजी, तुमचा फोन?"

"काढून टाकला. मला कोण फोन करतंय?"

मागच्या हिवाळ्यात ओर्नेल्ला लिफ्टमध्ये अडकली होती. तेव्हापासून बंद दार दिसलं की तिला भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. आताही वाटायला लागल्या. त्यात आपण इथं आहोत हे कुणालाच ठाऊक नाही! मामा पिझ्झाची स्वप्नं बघत असेल. पण दोन्ना ब्रिजिदाचे ओठ फुटले होते आणि ती धापा टाकत होती. आपण रडत बसलो तर या आजींकडे कोण बघणार?

"तुल्लिओ, पाणी! सावेरिओ, चादर आण, सावली करू!"

त्यांनी तिला घोट घोट पाणी पाजलं. पायाला हात लावताच ती किंचाळली, म्हणून तिला हलवलं नाही. मग तिघं कठड्याशी उभे राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले.

"वाचवा! वर या! आम्ही अडकलोय!"

खाली स्कूटरी भणभणत होत्या, रेडिओ गात होता, समोरच्या घरातली बाई तिसऱ्या घरातल्या बाईला टोमॅटोचा भाव सांगत होती. ओरडणाऱ्याकडे मान वर करून बघायची या गल्लीला सवयच नव्हती. इथं सगळेच ओरडायचे!

"ती खुंटीवरची किल्ली टोपलीतून सोडू या," तुल्लिओ म्हणाला.

"आणि ती कुणी गटारात पाडली म्हणजे?" ओर्नेल्ला म्हणाली. "आधी चिठ्ठी."

सावेरिओनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आम्ही कोंडले गेलोय, आजी पडल्यात, वर या!' दोरीचा पीळ सोडवून त्यांनी टोपली वर ओढली, पाव काढून चिठ्ठी ठेवली आणि ती खाली सोडली. राफेले दारात आला. त्यानं वर पाहिलं. हात हलवणारी तीन मुलं त्याला दिसली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे वा! पाहुणे आलेत होय! थांबा, थांबा!"

टोपली वर आली. आत तीन गरमागरम स्फोल्यातेल्ला होत्या. शंखाच्या आकाराच्या, कुरकुरीत पापुद्र्यांच्या, आतून रिकोटाचा गोड वास सुटलेल्या! आणि त्या बांधल्या होत्या सावेरिओच्या चिठ्ठीतच.

"वाचलीसुद्धा नाही!" सावेरिओनं कपाळावर हात मारला.

"अडकलोय!" ओर्नेल्ला खाली वाकून ओरडली.

"आवडलंय ना? खा, खा!" खालून उत्तर आलं.

कर्रम् असा आवाज झाला. तुल्लिओनं एकीचा लचका तोडला होता.

"तुल्लिओ!"

"मग काय करू? भूक लागली! आणि खूप छान आहे!"

ओर्नेल्ला मटकन खाली बसली. हाक मारली तर खायला मिळतं. हात हलवला तरी खायला मिळतं. चिठ्ठीत तर खाऊच बांधून येतो! या गल्लीतला माणूस पाच जिने चढून यायला काय लागेल?

तिनं दोन्ना ब्रिजिदाकडे पाहिलं. आजींचे डोळे आता मिटत चालले होते.

"आजी, झोपू नका! ईस्टरला तुम्ही बेकरीवाल्या काकांचा रिकोटा शिळा म्हणालात ना? तेव्हा त्यांनी काय केलं?"

म्हातारीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पाचही जिने... धावत आला. भांडायला. एवढा जाडा माणूस!"

ओर्नेल्ला ताडकन उठली. "तुल्लिओ, आण ती इकडे!"

"का?"

"परत पाठवायचीय!"

"खाऊ परत?" तुल्लिओचे डोळे पाण्यानं भरले. "असं कुणी करतं का?"

"कुणीच करत नाही, म्हणून तर!"

"शिळी आहे असं लिहू?" सावेरिओनं पेन काढलं.

"पहिला कागद वाचला का त्यांनी? नुसती टोपली जाऊ दे!"

तिन्ही स्फोल्यातेल्ला टोपलीत गेल्या. लचका तोडलेली सगळ्यात वर. टोपली सावकाश खाली उतरली. राफेलेनं आत डोकावलं. त्यानं चावलेली स्फोल्यातेल्ला उचलली, उलटी करून पाहिली, हुंगली. मग त्यानं वर पाहिलं. गॅलरीतून कुणीही हात हलवला नाही. ओर्नेल्लानं तर नाक मुरडून तोंड फिरवलं.

"परत?" राफेलेचा आवाज स्कूटरींच्या वर चढला. "माझी स्फोल्यातेल्ला? एक घास खाऊन परत?"

रेडिओ बंद झाला. टोमॅटोचा भाव अर्ध्यातच थांबला. अख्ख्या गल्लीनं पहिल्यांदाच मान वर केली. राफेलेनं एप्रन काढून दारात फेकला आणि तो जिन्यात घुसला. भांडण बघायला निम्मी गल्ली त्याच्या मागे घुसली.

धप् धप् धप्! ओर्नेल्ला दाराला कान लावून बसली होती. इतका गोड आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

"दोन्ना ब्रिजिदा!" दारावर मूठ आदळली. "उघडा! तोंडावर सांगा मला!"

"उघडता येत नाही म्हणूनच परत पाठवली!" ओर्नेल्ला ओरडली. "आजी पडल्यात! सकाळपासून उन्हात आहेत! किल्ली दाराखालून सरकवतेय, घ्या!"

बाहेरून कुणीतरी किल्ली उचलली. मग किल्ली फिरली.

राफेले गॅलरीत पोचला आणि गुडघ्यांवर बसला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. "सकाळपासून? आणि मी खाली उभा राहून त्या पावाला शिव्या घालत होतो!"

रुग्णवाहिका आली. दोन्ना ब्रिजिदाला स्ट्रेचरवरून खाली आणलं तेव्हा गर्दीतून वाट काढत जेरार्दोमामा येऊन थडकला. घामानं निथळत होता.

"कुठं होतात? आपलं नाव पुकारलं! दोनदा पुकारलं!"

"मग टेबल?" सावेरिओनं घाबरत विचारलं.

"गेलं! टेबल घेऊन काय करू? तुम्ही सापडत नव्हता!" आणि त्यानं तिघांना एकदम छातीशी धरलं. ओर्नेल्लाला तेव्हा रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

काय घडलं ते ऐकून मामानं ओर्नेल्लाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "तू मला ती टोपली दाखवली होतीस. आणि मी तुला नाक खुपसू नको म्हणालो. ओर्नेल्ला, यापुढे जिथं वाटेल तिथं नाक खुपस."

बेकरीसमोर दोन्ना ब्रिजिदानं हात वर करून स्ट्रेचर थांबवायला लावलं. "ती परत आलेली कुठाय?"

राफेलेनं ती आणून दिली. तिनं तुल्लिओच्या लचक्याशेजारी छोटासा घास घेतला. गल्ली श्वास रोखून बघत होती.

"ताजी आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"आणि ईस्टरची?"

"तीही ताजीच असणार. पण त्या दिवशी तू सगळ्या गल्लीला दिलीस आणि माझी टोपली भरायला विसरलास. रिकामी वर ओढली मी."

राफेलेनं पिठाच्या हातानं डोळे पुसले आणि तोंड पांढरं करून घेतलं. "तुम्ही घरी परतल्यावर टोपली हलली नाही की मी वर येणार," तो म्हणाला. "भांडण असो नसो!"

रुग्णवाहिका गेल्यावर त्यानं पिझ्झेरियातली टेबलं बेकरीच्या दारात ओढून आणवली. पिझ्झेही आले. आणि शेवटी स्वतः राफेलेनं एक मोठं ताट आणून तुल्लिओपुढे ठेवलं. वाफाळत्या स्फोल्यातेल्लांचा ढीग!

तुल्लिओनं एक उचलली, तोंडाशी नेली आणि थांबून संशयानं बहिणीकडे पाहिलं.

"ही तरी माझी आहे ना? की हीसुद्धा परत पाठवायचीय?"