आई कुठे, असं विचारल्यावर

"ते मूल मंद आहे, ताई. आई कुठे आहे म्हणून विचारलं, तर एवढंसुद्धा सांगता येईना त्याला," धाकटी म्हणाली आणि भाजी वाढ म्हणून तिने ताट पुढे सरकवलं.

थोरलीच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. शनिवारची दुपार होती. बालवर्गाच्या प्रवेशाच्या मुलाखती आटोपून दोघी बहिणी नुकत्याच घरी आल्या होत्या. धाकटी मुख्याध्यापिका, म्हणून रिक्षातून, आणि थोरली त्याच शाळेतली मावशी, म्हणून खोल्या झाडून, चटया गुंडाळून, मागून चालत. शाळेत धाकटीला 'मॅडम' म्हणायचं, असं दोघींमध्ये पहिल्याच दिवशी ठरलं होतं. ठरवलं होतं धाकटीनेच. थोरलीने तेव्हाही ब्र काढला नव्हता.

"मग काय सांगितलं त्याने?" तिने विचारलं.

"नाव विचारलं, तर म्हणे ढब्बू. आई कुठे, तर खिडकीबाहेर बोट. बघते तर बाहेर कोण, त्याची ती बहीण, नऊ-दहा वर्षांची, फ्रॉकची बटणं तुटलेली. तिलाच आई समजतो. अशा मुलाचं करायचं काय? जागा पंचवीस आणि अर्ज एकशे चाळीस. कुठेतरी रेघ ओढावीच लागते."

"बरोबर त्याच्या गळ्यावरून ओढलीस."

"ताई, तुला त्यातलं कळत नाही. तू सांभाळतेस, आम्ही शिकवतो. दोन्हींत फरक असतो."

पलीकडे पाटावर बसलेले बाबा हसले. दात उरले नव्हते, पण हसू शाबूत होतं. "अगं, हिला कुठे बसतेस समजवायला? हिचं डोकं अभ्यासात कधी चाललंय?"

हा विनोद त्या घरात अडतीस वर्षं चालत आला होता. पाहुण्यांपुढे, शेजाऱ्यांपुढे, धाकटीच्या पदवीच्या पेढ्यांबरोबरही तो वाटला गेला होता. आणि दर वेळी थोरली खाली मान घालून हसायची, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय... आज मात्र तिला हसू आलं नाही. पोटात खोल कुठेतरी, राखेखाली इतकी वर्षं जपून ठेवलेला निखारा कुणीतरी फुंकर घालून लाल केला होता.

कारण खिडकीबाहेरची ती पोर तिच्या ओळखीची होती. गेले तीन महिने रोज सकाळी भावाला काखोटीला मारून ती फाटकाशी उभी राहायची. "मावशी, याला कधी घेणार?" आई दवाखान्याच्या चादरी धुण्याच्या कामावर, पहाटे निघायची ती तिन्हीसांजेला परतायची. पोरीचं नाव गल्लीपलीकडच्या शाळेत चौथीच्या पटावर होतं, पण आईला सुट्टी असेल त्याच दिवशी तिला शाळा. थोरलीने एकदा सहज विचारलं होतं, "पाढे कुठवर आले गं?" तर म्हणाली, "सातपर्यंत येतात. आठचा झाला तेव्हा मी नव्हते."

आठचा झाला तेव्हा मी नव्हते! त्या वाक्याने थोरलीचं अंतःकरण असं काही पिळवटलं होतं की त्या दिवशी चिमुरड्यांना थोपटून निजवताना तिच्या तोंडून पुन्हा पुन्हा एकच ओवी निघत राहिली. वर्गातल्या बाईंना ती अंगाई वाटली, आणि किती गोड गाता हो मावशी, असंही त्या म्हणाल्या.

घंटा वाजली शाळेची, दाराशी मी थांबले,
पाटी पुसून ठेविली, पाळण्याशी बसले.

शब्द कुणीच ऐकले नव्हते.

थोरलीने डाव पातेल्यात सोडला. भाजी वाढलीच नाही.

"तो मंद नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच बाबांचा घास हातात राहिला. "तुम्ही विचारलंत आई कुठे. त्याने खरं उत्तर दिलं. जी भरवते, ढुंगण धुते, ताप आला की मांडीवर घेऊन बसते, तिच्याकडे बोट दाखवलं त्याने. तुमच्या कागदावर ते उत्तर नाही, हा दोष त्याचा?"

"नियम मी केलेले नाहीत."

"तुझ्या वेळी हाच नियम असता ना, तर तूही नापास झाली असतीस. तू मलाच आई म्हणायचीस, धाकटे. साडेतीन वर्षांची होईपर्यंत. लोक हसतील म्हणून मीच मोडलं तुझं ते. 'ताई म्हण, ताई म्हण' म्हणून एकदा चापटसुद्धा मारली... आणि मग माळ्यावर जाऊन रडले. तेरा-चौदा वर्षांची होते. त्या वयाच्या पोरी सागरगोटे खेळतात."

धाकटीचा चेहरा उतरला. "आई गेली, म्हणून तू मला सांभाळलंस, ते माहीत आहे मला. मी कधी नाकारलंय? पण शाळा तर तू त्याआधीच..."

"त्याआधीच काय?"

"तुला झेपत नव्हती, म्हणून सोडलीस."

थोरली बापाकडे वळली. त्या नजरेत अडतीस वर्षांची उपेक्षा एकवटून उभी होती. "सांगा," ती म्हणाली. "आज तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर हिला खोटं वाटेल. डोकं चालत नाही ना माझं!"

बराच वेळ म्हातारा बोटांना लागलेलं अन्न ताटाच्या कडेला निपटत राहिला. छापखान्यात खिळे जुळवून जन्म घालवलेला माणूस, त्याला आपलं एक वाक्य जुळवता येईना.

"पाचवीत पहिली आली होती," अखेर तो म्हणाला. "मास्तर दोनदा घरी आले. म्हणाले, हिचं नाव काढू नका. पण तू आठ महिन्यांची. मी कामावर गेलो की तुला ठेवायचं कुठे? चार ठिकाणी विचारलं. कुणी म्हणे इतकं लहान घेत नाही, कुणी म्हणे आईला बरोबर आणा. आई कुठून आणू? मग मीच पटावरनं हिचं नाव कापून आलो... आणि लोकांनी विचारलं की सांगायचो, पोरीचं डोकं चालत नाही. मुलीला शाळेतून काढली म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. पुढे त्याचीच सवय झाली."

"सवय," थोरली म्हणाली. "पाहुणे आले की चहाबरोबर."

धाकटी उभी राहिली होती. "ताई, तू कधी बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? तू अभ्यास करत होतीस."

एवढंच. पण त्या चार शब्दांनी धाकटीची पदवी, खुर्ची, दारावरची पाटी, सगळं एकदम कुणाच्या तरी खांद्यावर उभं असलेलं दिसलं तिला. ती पुढे आली, हात धरू लागली. थोरलीने हात मागे घेतला.

"सोमवारपासून मी शाळेत येणार नाही. ज्या दारातून ती पोर परत जाणार, ते दार मला झाडायचं नाही. मी 'नुसती सांभाळते' ना? मग मिळेल तुला दुसरी."

रविवारभर त्या घरात भांडी तेवढी बोलली.

सोमवारी सकाळी मात्र थोरली निघालीच. कामावर नव्हे... नकार निदान ओळखीच्या तोंडून ऐकावा त्या पोरीने, शिपायाच्या नको, एवढ्यासाठी. पण रस्ता ओलांडण्याआधीच ती थबकली. फाटकाशी शिपाई नव्हता. धाकटी स्वतः उभी होती, डोळे सुजलेले, इस्त्रीची साडी चुरगळलेली. आणि समोर ती पोर, भावासकट.

"याला घेतलंय," धाकटी सांगत होती. "आण इकडे. तू तुझ्या शाळेत जा. रोज जायचं."

पोरीचा विश्वास बसेना. धाकटीने हात पुढे केले, मुलाला उचललं, पण असं, की जणू गरम भांडंच हातात घेतलंय. ढब्बूने टाहो फोडला, पाय झाडले, एक चप्पल उडून गटाराकाठी पडली. गल्लीपलीकडच्या शाळेची घंटा वाजू लागली आणि पोर ना पुढे जाई ना मागे. धाकटीची नजर रस्त्यापलीकडे गेली. तिने हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हेच तिला कळत नव्हतं.

थोरली रस्ता ओलांडून आली. बहिणीसाठी नाही, हे तिच्या चालीवरून दिसत होतं. तिने मुलाला ओढूनच घेतलं, मान खांद्यावर टेकवली, पाठीवर हात ठेवला आणि पोरीला म्हणाली, "पळ. आणि वळून बघू नकोस. तू बघितलंस की तो जास्त रडेल."

पोर धावत सुटली. वळली नाही.

"सव्वीस झाले," थोरली बहिणीकडे न बघता म्हणाली. "उरलेले एकशे चौदा? त्यांच्या बहिणींनी काय करायचं?"

"यापुढच्या मुलाखती बंद केल्यात. दुपारचा वर्ग मागणार आहे, लहान्यांचा. संस्था नाही म्हणाली तर भांडेन. पण तो वर्ग तू घ्यायचास, ताई. मावशी म्हणून नाही."

"बघू. माझा राग गेलेला नाही."

"माहीत आहे."

"लवकर जाणारही नाही."

"नको जाऊ दे," धाकटी म्हणाली, आणि फाटकाची कडी धरून, सगळ्या पालकांदेखत, लहान मुलासारखी हुंदके देऊ लागली. "ताई... माझी ताई आहे ही..." ती कुणाला तरी सांगत होती, कदाचित सगळ्यांनाच.

ढब्बू रडायचा थांबून तिच्याकडे टकमक बघू लागला. थोरलीने त्याला एका हातावर सावरलं, आणि मोकळा राहिलेला दुसरा हात, जरा जोरातच, बहिणीच्या डोक्यावर ठेवला.

"गप्प," ती म्हणाली. "एका वेळी दोघांना नाही घेता येत मला कडेवर."