पिंजऱ्यातली जास्वंद

"प्रभाकरकाका, लवकर या! इग्वाना गेला!"

डॉक्टर पायलची हाक ऐकताच प्रभाकर फाटकावरचं रजिस्टर उघडंच टाकून धावले. हवालदारकीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, बायको जाऊन दोन. घर खायला उठायचं, म्हणून दर रविवारी ते बाळकुमच्या या केंद्रात फाटक सांभाळायला येत. लोकांनी हौसेनं पाळलेले आणि मग नकोसे झालेले परदेशी सरडे, बेडूक इथे आसऱ्याला असत. निदान इथे कुणीतरी प्रभाकरांची वाट बघायचं.

हातभर लांबीचा तो हिरवा सरडा पिंजऱ्यात नव्हता. कुलूप मात्र धड होतं, आणि किल्ली शेजारच्या खिळ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. चोराला आमंत्रणच की!

"आजारी आहे हो तो," पायल म्हणाली. "आठचं इंजेक्शन चुकलं, त्यात थंडी बाधली, तर वाचणार नाही."

जानेवारीचा गारठा होता. साडेपाच वाजले होते.

"सहदेव, शेवटचा कधी बघितलास?" प्रभाकरांनी पिंजरे सांभाळणाऱ्या पोराला विचारलं.

"साडेचारला, साहेब. पब्लिक होतं तेव्हा."

"त्याला विकत मागायला कुणी आलं होतं?"

"आलेला एक. मी हाकलला त्याला." सहदेवचा चेहरा पडला. "म्हणजे आता माझ्यावरच येणार?"

प्रभाकर पिंजऱ्यात वाकले. "उबेचा दिवा तू बंद केलास?"

"नाही. तो कायम चालू असतो."

कोपऱ्यात जास्वंदीचं फूल पडलं होतं, अर्धं खाल्लेलं. उरलेल्या पाकळीला कुंकू लागलं होतं.

"हे तुमचं?"

"छे! आम्ही फुलं धुऊन देतो," पायल म्हणाली. "आणि आठ दिवस त्यानं कशाला तोंड लावलेलं नाही. मुलगा कॅनडाला शिकायला गेला म्हणून त्याची आई याला इथे सोडून गेली ना, तेव्हापासून."

"त्यांचा पत्ता काढ."

घर मागच्याच गल्लीत होतं. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. त्या मुलाची आजी, सखुबाई. तासाभरापूर्वी फाटकात प्रभाकरांनी त्यांना वाकून नमस्कार केला होता. हातातली पिशवी तपासायची मात्र राहिली होती.

"घरात कोण नाय. लग्नाला गेलेत."

पलंगावरची गोधडी हलली.

"आजी, चोर कधी दिवा मालवून जात नाही," प्रभाकर हळूच म्हणाले. "निघताना बटण बंद करायची सवय घर चालवणाऱ्या बाईची. फूल आधी देवाला वाहायचं, मग खाऊ घालायचं, हेही तिचंच. आणि आठ दिवसांचा उपाशी जीव खातो तो ओळखीच्या हातून. सहदेवच्या हातून तर तो खातच नव्हता. राहिली तुमची सून. जिनं स्वतः सोडलं, ती परत कशाला नेईल?"

सखुबाईंनी गोधडीवर हात ठेवला. "नातू गेला, त्याच्यामागून यालाही काढला. मला कुणी विचारला? दिवसभर माझ्याशी कोण बोलतंय? हा निदान मान वर करून बघतो तरी."

गॅसवर एक कप चहा ठेवताना आपल्यालाही हेच होतं, हे प्रभाकरांना कुणाला सांगता आलं नव्हतं. "औषध चुकलं तर तो जाईल, आजी," एवढंच ते म्हणाले.

हे ऐकल्यावर सखुबाईंनी एक क्षणही दवडला नाही. गोधडीसकट सरड्याला उराशी धरून त्याच पुढे निघाल्या.

वेळेवर इंजेक्शन झालं. पायल रागावणार होती, पण सरड्यानं सखुबाईंच्या बोटातली पाकळी ओढली आणि तिचा राग विरला.

"तुमच्या हातचंच खातोय. रोज दहाला याल, आजी?"

"दहाला कशाला, बाय?" सखुबाई म्हणाल्या. "मी पाचपासून जागीच असते."