न उगाळलेली आठवण

साक्षीदाराची आठवण कोर्टात वाचण्याआधी तिच्यावरच्या खुणा मोजाव्या लागत. स्मृतिसाक्ष कायदा येऊन सहा वर्षं झाली होती. ही मोजणी आता रक्तगट तपासण्याइतकी साधी होती. तरी रेवती दाभाडेचा अहवाल डॉ. मुजावरांनी दोनदा पाहिला.

"सहा हजार नऊशे," ते म्हणाले. "मर्यादा शंभराची. तुमची आठवण बाद."

"बाद? शब्दन् शब्द पाठ आहे मला!"

"तीच अडचण आहे, मॅडम. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली टेप नव्हे. आठवताना मेंदू ती बाहेर काढतो आणि नव्याने लिहून ठेवतो. दर वेळी थोडा फरक पडतो आणि एक रासायनिक खूण उरते. आम्ही तिला उजळणीखूण म्हणतो. तुम्ही एकोणीस वर्षं रोज उजळणी केलीय."

एकोणीस वर्षांपूर्वी रेवती एका वृत्तवाहिनीची बातमीदार होती. पुराच्या दुपारी पुलावरून थेट प्रक्षेपणात ती म्हणाली, "धरण फुटलंय." धरण फुटलं नव्हतं. पळापळीत अकरा माणसं चेंगरून मेली. तिला पुन्हा कुठल्याच वाहिनीने दारात उभं केलं नाही. ती लग्नाचे व्हिडिओ जोडत राहिली. आता तिने आपल्या जुन्या संपादकावर खटला भरला होता. तिचं म्हणणं एकच होतं: ते वाक्य संपादक निशिकांत उपासनींनी कानातल्या यंत्रावरून सांगितलं. उपासनी म्हणत, आठवत नाही. त्या संवादाची नोंद कोणी ठेवत नसे.

"आणि त्यांच्या खुणा?" तिने विचारलं.

"चार."

"अकरा जीव गेले, माझं सगळं गेलं, आणि त्या माणसाला चारदा आठवलं?"

"म्हणून तर ती शाबूत आहे. कोर्टात पुढच्या महिन्यात वाचतील. तोवर त्यांना त्या दिवसाबद्दल काही विचारू नका हं. विचारलं की आठवणार, आठवलं की बदलणार."

"त्यात माझ्याहून वेगळं निघालं तर?"

"तर तुमचं चुकलेलं असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तिने उपासनींना फोन लावला.

"सर, खटल्याचं राहू द्या. त्या दुपारी तुम्ही कंट्रोल रूममध्ये उभे होतात की बसलेले?"

"बसलेलो असेन बहुतेक."

"उभे होतात. माइक हातात धरून."

"असेल बाई."

उत्तर प्रश्नातच बसवून द्यायचं, हे तिला उपासनींनीच शिकवलं होतं. पत्नी गेल्यापासून त्यांना फारसं कोणी फोन करत नसे. ते तिच्या फोनची वाट पाहू लागले. दहाव्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, "माइकचं बटण लाल होतं, नाही गं?" बटणाचा रंग तिने आदल्याच दिवशी सांगितला होता. विसाव्या दिवशी ते रडले.

एकोणतिसाव्या दिवशी तिने कॅमेरा लावला.

"मीच म्हणालो," उपासनी म्हणाले. "फुटलं म्हण, मी म्हणालो. माझ्यामुळे मेले ते."

ती मुलाखत सगळ्या वाहिन्यांनी दाखवली. उपासनींच्या दारावर कोणीतरी डांबर फासलं. त्यांच्या मुलाने वडिलांशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. रेवतीने ती बातमी तीनदा पाहिली, आवाज वाढवून.

कोर्टाने पुन्हा मोजणी केली. उपासनींच्या आठवणीवर दोनशे बारा खुणा निघाल्या. आठवण न वाचताच खटला फेटाळला गेला.

"तुम्ही जिंकला असतात कदाचित," मुजावर म्हणाले. "खरोखर जिंकला असतात. आता ते कोणालाच कळणार नाही."

"मला माहीत आहे काय झालं ते," रेवती म्हणाली.

त्या दुपारी तीनला फोन वाजला. उपासनी होते.

"आज काही विचारलं नाहीस, म्हणून मीच केला. एक राहिलं होतं बघ. मी सांगितलं तेव्हा तू 'नको सर' म्हणाली होतीस. तुझा आवाज कापत होता."

हे रेवतीने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांत तिला स्वतःलाही ते कधी आठवलं नव्हतं. तिने डोळे मिटले. पूल दिसला, गढूळ पाणी दिसलं, आणि कापणारा स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"हो," ती म्हणाली. "तीनदा म्हणाले होते मी."